बास वाढला की व्हॉल्यूम का वाढतो? लोणावळा लोकलमधून समजून घ्या मोठ्या हेडफोनचं गणित

लोणावळ्याहून सुटलेली लोकल मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव करत तळेगावला येते, तोवर सकाळच्या डब्यात बसायला जागा उरलेली नसते. कॉलेजची मुलं असतात, पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांत जाणारे कामगार असतात, शिवाजीनगरला उतरून पुढची बस पकडणारे नोकरदार असतात. यातल्या बऱ्याच जणांच्या कानात काहीतरी असतंच. आधी वायरवाले इयरफोन होते, मग बिनवायरीचे छोटे इयरबड्स आले, आणि आता अख्खा कान झाकणारे मोठे हेडफोनही डब्यात सर्रास दिसतात.

गाडी लोणावळ्यात उभी असताना लावलेला आवाज कामशेतला कमी वाटायला लागतो. तळेगाव सोडलं की व्हॉल्यूमचं बटण दोनदा वर गेलेलं असतं. चाकांचा खडखडाट, पंखे, गर्दीच्या गप्पा, समोरून जाणारी एक्सप्रेस. या सगळ्याच्या वर गाणं ऐकायचं तर आवाज वाढवण्यावाचून पर्याय काय?

पर्याय आहे, पण तो हेडफोन विकत घेताना निवडावा लागतो. दुकानात किंवा ॲपवर हेडफोन शोधणारा माणूस साधारणपणे तीन गोष्टी विचारतो: बास किती, बॅटरी किती, किंमत किती. कमी आवाजात किती ऐकू येतं, हे फारसं कुणी विचारत नाही. खरं तर मोठ्या हेडफोनची निवड याच एका प्रश्नाभोवती फिरते.

सरकारचं पत्र आणि मंगळवारची परतीची गाडी

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं राज्यांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना एक पत्र पाठवलं. इयरफोन-हेडफोनचा अनावश्यक वापर टाळा, दिवसाला दोन तासांच्या वर नको, मध्ये मध्ये विश्रांती घ्या आणि आवाज ५० डेसिबलच्या आत ठेवा, असं त्यात सांगितलं होतं. शक्य असेल तर कानाला नीट बसणारे, बाहेरचा आवाज कमी करणारे हेडफोन वापरा, हेही होतं.

५० डेसिबल म्हणजे शांत घरातल्या हळू बोलण्याइतका आवाज. बंद खोलीत तो पुरतो. धावत्या लोकलमध्ये उघड्या कानाला तो ऐकूही येणार नाही. म्हणजे हा आकडा पाळायचा असेल तर आधी बाहेरचा आवाज अडवावा लागेल. पत्रातली हेडफोनबद्दलची सूचना म्हणूनच महत्त्वाची होती, पण बातम्यांमध्ये गाजले ते दोन तास आणि ५० डेसिबल.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा थोडी सैल आहे, पण तिचं गणित समजून घेण्यासारखं आहे. प्रौढांसाठी सरासरी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. आवाज दर ३ डेसिबलनं वाढला की वेळ निम्मा होतो. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास आणि ९० ला जेमतेम ४ तास. लहान मुलांसाठी सुरुवातच ७५ डेसिबलपासून होते.

हे गणित लोकलला लावून बघा. लोणावळा ते शिवाजीनगर सव्वा तास धरला तर रोजचे येऊन-जाऊन अडीच तास, आठवड्याचे सहा दिवस धरले तर १५ तास. ८० डेसिबलवर ऐकणाऱ्याला काहीच अडचण नाही. ८६ वर ऐकणाऱ्याचा आठवड्याचा कोटा गुरुवारी घरी पोचेपर्यंत संपतो. आणि ९० डेसिबलवर ऐकणाऱ्याचा? सोमवारचे अडीच तास, मंगळवारी सकाळचा सव्वा तास, उरला पाव तास. मंगळवारी संध्याकाळी परतीची गाडी पिंपरीच्या आसपास आली की त्याचा कोटा संपला. पुढचे सगळे दिवस उधारीवर.

यात लगेच दुखत काही नाही, हीच मोठी पंचाईत आहे. आतल्या कानातल्या बारीक केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि मोठ्या आवाजानं होणारं नुकसान बहुतेक वेळा ३ ते ६ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सुरू होतं. त्यामुळे सुरुवातीला माणसाला बहिरं झाल्यासारखं वाटतच नाही. फक्त गर्दीत कोण काय बोललं ते नीट कळत नाही, स, श, फ, थ अशी व्यंजनं निसटायला लागतात आणि ‘काय म्हणालास?’ हा प्रश्न वाढतो.

याचा बासशी काय संबंध?

संबंध थेट आहे. कोणत्याही गावातलं भजन आठवा. मावळात त्याची वानवा नाही, देहू तर तालुक्याला लागूनच आहे. भजनात खाली पखवाज असतो, मध्ये पेटी आणि गाणाऱ्याचा गळा, वर टाळ. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात ती आवाज खाली उतरावा, भरीव व्हावा म्हणून. टाळाचा आवाज बारीक, चमकदार आणि लांब रेंगाळणारा. शब्द मात्र मधल्या पट्ट्यात असतात. तिन्ही आवाज आपापल्या जागी असले की शेवटच्या ओळीत बसलेल्या माणसालाही अभंगाचा शब्द कळतो.

आता पखवाजाजवळचा माईक दुप्पट वाढवा. पखवाज जोरात येईलच, पण त्याबरोबर शब्द बुडतील. मग कुणीतरी ओरडणार, ‘गाणाऱ्याचा आवाज वाढवा!’ आणि मंडपातला एकूण गोंगाट आणखी चढणार.

बास फुगवलेल्या हेडफोनमध्ये नेमकं हेच होतं. मोठा खालचा आवाज आपल्या वरच्या पट्टीतल्या आवाजांना झाकून टाकतो. कानाची रचनाच तशी आहे: खालचा आवाज वरच्याला जितका झाकतो, तितका वरचा खालच्याला झाकत नाही. मग गाण्याचे शब्द, पॉडकास्टमधलं बोलणं, लेक्चरमधली सरांची वाक्यं स्पष्ट व्हावीत म्हणून माणूस सगळाच आवाज वाढवतो. त्यात बासही आणखी वाढतो. एक बटण सगळ्यांनाच वर नेतं, फक्त शब्दांना नेणारं बटण फोनवर नसतं.

त्यात लोकलचा स्वतःचा आवाजही मुख्यतः खालच्या पट्टीतलाच, गडगडाटी. तो हेडफोनमधला बास खाऊन टाकतो. मग विकत घेणाऱ्याला वाटतं की बास कमी पडतोय, जास्त बासवाला हेडफोन घ्यायला हवा. बाजारात स्वस्त हेडफोनची जाहिरात बासच्याच नावानं का होते, याचं थोडं उत्तर इथे सापडतं. गोंगाटात ऐकणाऱ्यांच्या देशात बास विकला जातो.

बॅलन्स्ड किंवा संतुलित आवाज म्हणजे बास काढून टाकलेला आवाज, असा एक गैरसमज आहे. तसं नाही. पखवाज हवाच, त्याची थाप छातीत जाणवायलाही हरकत नाही. त्यानं गळ्यावर चढून बसू नये, एवढंच. वाईट हेडफोनमध्ये बहुतेक वेळा अगदी खालचा आवाज कमी असतो आणि त्याच्या वरचा, साधारण १०० ते ३०० हर्ट्झचा पट्टा सुजलेला असतो. त्यामुळे ठोका घट्ट न येता भोंगळ येतो, आणि पुरुषी आवाज मडक्यातून आल्यासारखा वाटतो.

‘संतुलित’ कुणी ठरवलं?

इथे एक गंमत आहे. हेडफोनचा आवाज मोजून त्याचा आलेख काढता येतो. सरळ सपाट रेघ आली म्हणजे उत्तम, असं वाटणं साहजिक आहे. पण कानाची पाळी आणि कानाची नळी मिळून साधारण ३ हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप वाढवतात. समोरच्या स्पीकरचा आवाज असाच कानाच्या पडद्यापर्यंत पोचतो आणि मेंदूला त्याचीच सवय असते. हेडफोन कानाला चिकटलेला असल्यानं हा सगळा रस्ता वेगळा होतो. त्यामुळे पडद्यापाशी मोजलेली रेघ सपाट आली तर कानाला तो आवाज उलट विचित्र, दबलेला वाटतो.

मग चांगला आलेख कोणता? हरमन या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी या संशोधकांनी २०१२ च्या सुमारास याचा शोध सुरू केला. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या वयांच्या लोकांना हेडफोनचं नाव न सांगता आवाज ऐकवले आणि पसंती विचारली. बहुतेकांची आवड एकाच वळणाच्या आसपास आली. चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा आवाज, खाली थोडा उठाव, मध्ये स्वच्छ, वर हळूहळू उतार. काहींना बास थोडा जास्त हवा होता, काहींना थोडा कमी, पण वळण तेच. आज ‘हरमन टार्गेट’ या नावानं ही रेघ ओळखली जाते, आणि जगभरचे परीक्षक हेडफोन मोजताना तिच्याशी तुलना करतात.

ही हरमन कंपनी मावळाला अगदी परकी नाही. २०१७ पासून ती सॅमसंगच्या मालकीची आहे, जेबीएल आणि एकेजी हे तिचेच ब्रँड, आणि गाड्यांसाठीची ऑडिओ आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं बनवणारा तिचा कारखाना चाकणला आहे. तळेगावहून चाकणला जाणाऱ्या रस्त्यावर रोज ट्रकच्या मागे अडकणाऱ्यांना हे अंतर मिनिटांत नीट सांगता येईल.

हरमनची रेघ म्हणजे वेदवाक्य नाही. आवड ही आवड असते. पण ‘मला आवडतं’ आणि ‘यात सगळं ऐकू येतं’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तपासायला ती उपयोगी पडते. एखाद्या मॉडेलचा मोजलेला आलेख इंटरनेटवर सापडत असेल, तर विकत घेण्याआधी पाच मिनिटं त्यावर घालवावीत.

बारकावे ऐकू येणं म्हणजे कानात टोचणं नव्हे

‘डिटेल’ हा शब्द हेडफोनच्या जाहिरातींत फार स्वस्त झालाय. बारकावे दाखवण्याची सोपी युक्ती म्हणजे ६ ते ९ हजार हर्ट्झच्या आसपास आवाज उचलून धरायचा. झांज, टाळ, गिटारची तार एकदम समोर येते आणि पहिल्या पाच मिनिटांत ऐकणारा खूश होतो. अर्ध्या तासानं डोकं जड होतं.

हे ओळखायला मराठी माणसाकडे एक फुकटची चाचणी आहे. मराठी बातम्यांचा किंवा व्याख्यानाचा एखादा चांगल्या दर्जाचा व्हिडिओ लावा. ‘चार’ मधला च आणि ‘चांगला’ मधला च वेगळे असतात, ‘जीवन’ मधला ज आणि ‘जागा’ मधला ज वेगळे. हे फरक सहज कळायला हवेत आणि स, श, च कानात सुईसारखे घुसायला नकोत. फरक अंधुक झाला तर हेडफोन दबलेला आहे. प्रत्येक स शिट्टी मारत असेल तर तो खोटा ‘डिटेल’ आहे.

दुसरी चाचणी तंबोऱ्याची. शास्त्रीय गायनाच्या चांगल्या ध्वनिमुद्रणात तंबोरा गाण्याच्या मागे सतत चालू असतो. जवारीमुळे एका तारेतून किती स्वर सुटतात ते गायक आलाप घेत असतानाही ऐकू आले, तर हेडफोन काम करतोय. तबल्यात डग्ग्याची मींड आणि चाटीची कडा वेगवेगळी कळावी. जुन्या मैफलींच्या मुद्रणांवर मात्र हेडफोनची परीक्षा घेऊ नये. त्यातली खरखर आणि कोंदटपणा मूळ टेपमधलाच असतो, आणि चांगला हेडफोन तो लपवत नाही, उलट जास्त दाखवतो. अनेक जण यामुळेच महागडा हेडफोन घेऊन नाराज होतात.

दोन हेडफोनची तुलना करताना एक सापळा कायम असतो. जो किंचित मोठ्यानं वाजतो तोच चांगला वाटतो. आधी दोन्हींचा आवाज कानाला सारखा करून घ्या, मग काय ते ठरवा.

आधी जागा, मग मॉडेल

मोठ्या हेडफोनचे मुख्य प्रकार दोन. बंद पाठीचे आणि उघड्या पाठीचे. बंद प्रकारात कानावरची वाटी मागून बंद असते. बाहेरचा आवाज कमी आत येतो आणि आतला बाहेर जात नाही. उघड्या प्रकारात मागे जाळी असते. त्यातला आवाज मोकळा वाटतो, वाद्यं डोक्याच्या आत न वाजता आजूबाजूला वाजल्यासारखी वाटतात. तपशीलवार आवाजासाठी नावाजलेले अनेक हेडफोन उघड्या पाठीचेच आहेत, उदाहरणार्थ नव्वदच्या दशकापासून विकला जाणारा सेनहायझर एचडी ६००.

पण तो घेऊन लोकलमध्ये बसलात तर दुहेरी फजिती. डब्यातला सगळा गोंगाट जाळीतून आत, आणि तुमचं गाणं शेजारच्याच्या कानात. हॉस्टेलच्या खोलीतही तेच, रूममेटशी भांडण ठरलेलं. उघडा हेडफोन शोभतो तो तुंगार्लीच्या एखाद्या शांत बंगल्यात, दारं-खिडक्या लावून बसणाऱ्याला. आणि तोही सोमवार ते गुरुवार. शनिवारी-रविवारी शेजारच्या व्हिलात पाहुणे उतरले की जाळीचा काही उपयोग नाही.

लोणावळा-खंडाळ्यात आणि पवना धरणाच्या काठावरच्या तंबूंच्या वस्तीत रात्रीच्या मोठ्या आवाजाची तक्रार जुनीच आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, आणि निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. गोव्यात पाळोळेच्या किनाऱ्यावर याच दहाच्या नियमातून वाट काढत हेडफोन घालून नाचायच्या पार्ट्या सुरू झाल्या, आणि आता तशा पार्ट्या इतर पर्यटनस्थळीही होतात. शेजाऱ्यांची झोप वाचते, हे खरं. नाचणाऱ्यांच्या कानाचं गणित मात्र वर सांगितलं तेच राहतं. भाड्याचे ते हेडफोन दणकट आणि बासवाले असतात, त्यांवरून खरेदीचा अंदाज बांधू नये.

लोकलनं जाणाऱ्यासाठी उत्तर सरळ आहे: बंद पाठ, आणि परवडत असेल तर नॉइज कॅन्सलेशन. हे तंत्र माईकनं बाहेरचा आवाज टिपून त्याच्या उलट लहर कानात सोडतं. सतत चालणाऱ्या खालच्या आवाजावर, म्हणजे गाडीच्या गडगडाटावर, एसीच्या घरघरीवर ते उत्तम चालतं. अचानक येणाऱ्या आवाजांवर, शेजारच्या गप्पांवर किंवा फेरीवाल्याच्या हाकेवर कमी चालतं. तिथे वाटीची घट्ट बसणी आणि जाड कुशन उपयोगी पडतं. दोन्ही मिळून बाहेरचा आवाज खाली आला की फोनचा व्हॉल्यूमही खाली आणता येतो, आणि आठवड्याचा कोटा मंगळवारी संपत नाही.

एक इशारा इथेच. मळवली किंवा कामशेतला पादचारी पूल टाळून रूळ ओलांडणारे रोज दिसतात. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार तो गुन्हा आहेच, पण नॉइज कॅन्सलेशन चालू ठेवून ओलांडणं म्हणजे मागून येणारी गाडी आपल्या हातानं गप्प करणं. प्लॅटफॉर्मवर उतरताना हेडफोन मानेवर.

वायर की ब्लूटूथ?

यावर समाजमाध्यमांत रोज युद्ध चालतं. व्यवहार एवढाच आहे की त्याच पैशात वायरवाल्या हेडफोनला आवाजावर जास्त खर्च करता येतो, कारण बॅटरी, चिप, माईक यांचा खर्च नसतो. स्टुडिओत वर्षानुवर्षं वापरले जाणारे सोनी एमडीआर-७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम४०एक्स असे बंद पाठीचे हेडफोन दहा हजारांच्या आसपास मिळतात आणि ते कमी आवाजातही बोलणं स्वच्छ ऐकवतात. घरी व्हिडिओ एडिट करणाऱ्या, गाणं शिकणाऱ्या किंवा ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्या मावळातल्या मुलामुलींसाठी हा प्रकार जास्त कामाचा. गर्दीच्या लोकलमध्ये लांब वायर कुणाच्या तरी बॅगेत अडकणार, तिथे ब्लूटूथ सोयीचं.

फोनला गोल पिनेचा जॅक नसेल तर टाइप-सीचं छोटं कन्व्हर्टर लागतं. हेडफोनवर ओहमचा आकडा बघून घ्यावा. ३० ते ६० ओहमचे बहुतेक हेडफोन फोनवर चालतात, ३०० ओहमच्या एचडी ६०० सारख्यांना फोन कमी पडू शकतो आणि वेगळा ॲम्प घ्यावा लागतो. ब्लूटूथमध्ये एलडॅक, ॲप्टएक्स अशी नावं असतात. त्यानं फरक पडतो, पण हेडफोनचा मूळ आवाज बिघडलेला असेल तर कोणतंही कोडेक तो सुधारत नाही.

खोक्यावरच्या बाकीच्या आकड्यांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. ‘२० हर्ट्झ ते ४० हजार हर्ट्झ’ असं लिहिलेलं असतं, माणूस तरुणपणी जास्तीत जास्त २० हजारांपर्यंत ऐकतो आणि वयानुसार ते कमीच होत जातं. शिवाय त्या टप्प्यात कुठे किती चढ-उतार आहे हे खोकं सांगत नाही. ५० मिलिमीटरचा ड्रायव्हर ४० वाल्यापेक्षा चांगलाच असेल असंही नाही. हाय-रेझचा सोनेरी शिक्का उंच पट्टीबद्दल बोलतो, संतुलनाबद्दल नाही.

किंमत आणि रिव्ह्यू

२०१७ मध्ये येरून ब्रीबार्ट या संशोधकानं २८३ हेडफोनच्या मोजमापांची त्यांच्या किमतीशी तुलना केली. आवाजाचा आलेख आणि किंमत यांच्यात त्याला काही संबंध सापडला नाही. महाग हेडफोनची बांधणी, आराम, सुटे भाग चांगले असू शकतात, पण जास्त पैसे म्हणजे जास्त संतुलित आवाज, हे गृहीत धरता येत नाही. कमी बजेटवाल्यांसाठी ही दिलासा देणारी बातमी आहे.

अडचण अशी की लोणावळ्यात किंवा वडगावात दहा हेडफोन ऐकून बघता येतील असं दुकान सहज मिळत नाही. मग उरतात रिव्ह्यू आणि रील्स. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यानुसार पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन शिफारस करणाऱ्यानं ते स्पष्ट सांगायला हवं. भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक ठेवलं. त्यामुळे पाच तारे बघून भुलण्यापेक्षा तीन तारे देणाऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचावं. ‘दोन महिन्यांत कुशन सोललं’, ‘चष्मा घातला की आवाज पातळ होतो’ अशी कामाची माहिती तिथेच सापडते.

चष्म्याची तक्रार खरी आहे. काडीमुळे कुशन आणि डोक्यामध्ये फट पडते, तिथून बास निसटतो आणि गाडीचा आवाज आत येतो. जाड, मऊ कुशन असलेला हेडफोन चष्मेवाल्यांना बरा पडतो.

पावसाळ्यात काय?

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे हेडफोनच्या कुशनचं काय होणार? कृत्रिम चामड्याचा वरचा थर दमटपणात सुटतो आणि काळ्या खपल्या कानाला चिकटतात. कापडी कुशन ओलावा धरून ठेवतं. मोठे हेडफोन क्वचितच पाणीरोधक असतात, त्यामुळे स्टेशनवर उतरताना ते रेनकोटच्या आत नव्हे तर पिशवीत, आणि घरी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात.

म्हणून मावळात राहणाऱ्यानं एक जादा प्रश्न विचारायलाच हवा: कुशन बदलून मिळतं का, वायर सुटी होते का? भलतंच स्वस्त कुशन बसवलं तर आवाजाचा तोलही बदलतो, कारण वाटी आणि कान यांमधली जागा हाही आवाजाचाच भाग असतो.

ज्यांच्याकडे आधीच बासवाला हेडफोन आहे त्यांनी लगेच नवा घ्यायची गरज नाही. फोनमधल्या इक्वलायझरमध्ये खालचे दोन-तीन पट्टे तीन-चार डेसिबलनं खाली आणून बघा, मग शब्द वर आले की एकूण व्हॉल्यूमही एक-दोन घर खाली येतो. ऑटोईक्यू या मोफत प्रकल्पात हजारो मॉडेलसाठी तयार आकडे मिळतात.

आणि नवा घेतलाच, तर परत करायची मुदत संपण्याआधी दोनच गोष्टी करा. पहिल्या रात्री पंखा बंद करून एक ओळखीचं भजन आणि एक बातमीपत्र ऐका, शब्द नीट कळतील इतकाच आवाज ठेवा आणि तो कितव्या घरावर आहे ते लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी तेच दोन्ही लोकलमध्ये तळेगाव ते चिंचवडच्या गर्दीत लावा. दोन-तीन घरांच्या वर जावं लागलं, तर हेडफोन खोक्यात घालून परत पाठवा.